प्रेक्षकाचा पक्षपात

खेळांतील हारजितीवर गंभीर लेख लिहिणें म्हणजे राईचा पर्वत करणें होय, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटेल, आणि त्यांचें म्हणणें अगदींच चूक आहे असें नाहीं. परंतु माणसाच्या मनाची परीक्षा केवळ मोठ्या प्रसंगींच होते, असेंहि नाहीं. मोठ्या प्रसंगीं माणूस सावध असतो. चार लोक आपणांकडे पाहत आहेत, धर्माधर्माचा प्रश्न समोर उभा आहे, हें त्याला ठाऊक असतें आणि तो जपून बोलतो. करमणुकीच्या वेळीं ही सावधगिरी सुटते. आणि अशा वेळीं त्याच्या तोंडून जें निघून जातें तें बहुधा त्याच्या अंतःकरणांतलें असतें. आमच्या तोंडून एकदां असें एक वाक्य निघून गेलें. त्या वाक्याची लाज आम्हांस पुढें पुष्कळ दिवस वाटत राहिली, आणि तिच्यांतून जो विचार निघाला तो आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

२०१३ सालच्या जून महिन्याची अखेर होती. आम्ही भंडारा जिल्ह्यांतील जवाहरनगर येथें आमच्या मामांकडे मुक्कामास होतों. नागपुराहून भंडाऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यासाठीं ही वसाहत वसली आहे. सरळ रस्ते, एकसारखीं घरें, घरांभोंवतीं झाडी. आणि वसाहतीबाहेर पाऊल टाकलें कीं धानाच्या बांध्या. पाऊस नुकताच लागला होता. बांध्यांच्या एका कोपऱ्यांत पऱ्यांची हिरवळ दिसूं लागली होती आणि रोवणीला अजून अवकाश होता. मामा कारखान्यांत नोकरीस होते. तोफांबंदुकांची दारू जेथें तयार होते तेथें काम करणारा माणूस स्वभावानेंच मोजून बोलणारा होतो, मामाहि तसेच. मात्र विंबल्डनचे पंधरा दिवस त्यांच्या घरांत एखाद्या नवरात्रासारखे पाळले जात, आणि त्या उत्सवांत आम्ही लहानपणापासून सामील होतों.

२६ जूनच्या रात्रीं मुख्य मैदानावर रॉजर फेडरर खेळणार होता. त्याच्या खेळाचें वर्णन करूं लागलों तर त्याचें स्तोत्र होईल, म्हणून हकीगत तेवढी सांगतों. ती स्पर्धा त्यानें सात वेळां जिंकली होती आणि आदल्या वर्षाचा विजेताहि तोच होता. २००४ च्या विंबल्डनपासून ज्या मोठ्या स्पर्धा झाल्या, त्यांपैकीं लागोपाठ ३६ स्पर्धांत तो निदान उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोंचला होता. वर्षांतून अशा स्पर्धा चार. म्हणजे सतत नऊ वर्षें हा क्रम तुटला नव्हता. त्याच्यासमोर सर्गेई स्टाखोव्स्की नांवाचा युक्रेनचा खेळाडू होता. त्याचा जगांतील क्रमांक ११६ होता आणि सामना दुसऱ्याच फेरीचा होता. जेवणें लवकर उरकून आम्ही बसलों तें, खरें सांगावयाचें तर, सामना पाहण्यासाठीं नव्हे, विजय पाहण्यासाठीं. सामना पाहणाऱ्याला मैदानावर दोन माणसें दिसतात. विजय पाहण्यास आलेल्याला एकच दिसतो.

पहिला सेट टायब्रेकवर आमच्या खेळाडूनें घेतला, आणि आम्ही निश्चिंत झालों. दुसरा सेट टायब्रेकवरच गेला, पण दुसरीकडे. तिसरा समोरच्यानें ७-५ असा घेतला. हा मनुष्य प्रत्येक सर्व्हिसनंतर जाळीकडे धांवत येई आणि चेंडू जमिनीला लागण्यापूर्वींच परतवी. गवतावरील खेळाची ही जुनी रीत. बहुतेकांनीं ती सोडून दिलेली. बाहेर पाऊस पडत होता. चौथा सेटहि टायब्रेकवर आला. त्या वेळीं आमच्या तोंडून निघून गेलें, “देवा, ह्याची सर्व्हिस चुकूं दे!”

मामांचा नातू, आठ वर्षांचा, झोंपेला आलेला असा आमच्या मांडीला टेकून बसला होता. त्यानें वर पाहून विचारलें, “त्यानें कां चुकायचं? तो वाईट आहे का?”

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. देतां आलें नाहीं. थोड्याच वेळांत आमच्या खेळाडूचा चेंडू रेषेबाहेर गेला आणि सामना संपला. खोलींत कोणी बोलेना. मग मामाच म्हणाले, “अरे, २००१ सालीं मी ह्याच खुर्चीवर असाच बसलों होतों. पीट सॅम्प्रास माझा. आणि समोर एक एकोणीस वर्षांचा पोरगा, मागें केस बांधलेला. त्या पोराला मी रात्रभर शिव्या दिल्या. तो कोण होता, ठाऊक आहे ना?” एवढें बोलून, सकाळीं कामावर जावयाचें आहे म्हणून ते निजावयास गेले.

तो पोरगा म्हणजे फेडररच. विंबल्डनवर सॅम्प्रासनें लागोपाठ ३१ सामने जिंकले होते. तो क्रम फेडररनें त्याच मुख्य मैदानावर पांच सेटच्या झुंजींत तोडला होता. म्हणजे ज्याच्या पराभवानें आम्ही विव्हळ झालों होतों, तो स्वतः जगापुढें आला तो दुसऱ्या कोणाच्या तरी आवडत्याला हरवूनच. आज जो आम्हांस देवासारखा वाटतो तो बारा वर्षांपूर्वीं आमच्याच मामांच्या घरांत आगंतुक होता.

आतां आमच्या भावनेची थोडी चिरफाड करूं. आम्ही स्वतःस नेहमीं असें सांगत आलों होतों कीं, आमचें प्रेम ह्या माणसावर नसून त्याच्या खेळांतील सौंदर्यावर आहे. सुसंस्कृत प्रेक्षक असेंच म्हणत असतो; त्यामुळें त्याच्या पक्षपाताला रसिकतेचें शालजोडी वस्त्र मिळतें. परंतु तें खरें असतें तर त्या रात्रीं आम्हांस आनंद व्हावयास हवा होता. सर्व्हिस करून जाळीकडे झेंपावण्याची जी कला २००१ सालीं फेडररनें सॅम्प्रासपुढें दाखविली, तीच कला आतां स्टाखोव्स्की फेडररपुढें दाखवीत होता. सोनें तेंच होतें; फक्त तें दुसऱ्याच्या हातांत होतें. आणि तेवढ्यानेंच आम्हांस त्याची झळाळी दिसेनाशी झाली. ह्यावरून आमची आवड गुणांची नव्हती, निदान केवळ गुणांची नव्हती, हें कबूल करणें प्राप्त आहे. गुणांच्या दारानें ती आंत आली खरी, पण आंत आल्यावर ममत्वाच्या पाटावर जाऊन बसली.

ममत्व हा मोठा दोष आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. दोष कोठें सुरू होतो हें पाहण्यासाठीं महाभारतांतील एका गुरूकडे वळावें लागेल. द्रोणाचार्यांचा अर्जुन आवडता होता. ह्यांत गैर काय? तो शिष्य त्या आवडीस पात्रच होता. तुझ्यापेक्षां वरचढ असा माझा दुसरा शिष्य होणार नाहीं, असें वचन त्यांनीं दिलें, हेंहि एक वेळ वात्सल्याच्या भरांत क्षम्य मानतां येईल. पुढें अरण्यांत एकलव्याचें कौशल्य दृष्टीस पडलें, अर्जुनानें एकांतांत त्या वचनाची आठवण दिली, आणि आचार्यांनीं एकलव्याचा अंगठा मागितला. त्या क्षणीं प्रेमाचें अधर्मांत रूपांतर झालें. अर्जुनानें अधिक परिश्रम करावे, असें ते म्हणाले नाहींत. दुसऱ्याचा हात अधू व्हावा, अशी व्यवस्था त्यांनीं केली.

“देवा, ह्याची सर्व्हिस चुकूं दे,” ह्या आमच्या प्रार्थनेचा अर्थ काय? आमच्या हातीं सुरी नव्हती आणि आमची गुरुदक्षिणा कोणी देणारहि नव्हता, म्हणून ती निरुपद्रवी ठरली. पण तिची जात तीच. आमचा खेळाडू उत्तम खेळो, असें आम्हीं मागितलें नाहीं. समोरच्याचा हात लटपटावा, त्याचा चेंडू जाळींत जावा, आणि त्याच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांचें फळ ऐन वेळीं गळून पडावें, असें आम्हीं मागितलें. घरबसल्या, पाय पसरून, चिवडा खातां खातां आम्हीं एका अनोळखी माणसाचा अंगठा मागितला. आणि त्याच्याविषयीं आम्हांस ठाऊक काय होतें? एक आंकडा. रंगांगणांत उतरलेल्या कर्णाला कृपाचार्यांनीं त्याचें कूळ विचारलें; आम्हीं ह्याचा क्रमांक विचारला. ११६ हें उत्तर ऐकतांच आमच्या मनानें निकाल देऊन टाकला कीं, ह्यानें येथें जिंकणें हें औचित्याला सोडून आहे.

ह्यावर कोणी असें म्हणेल कीं, मग प्रेक्षकानें निःपक्षपातीच असावें. दोघांकडे समदृष्टीनें पाहावें. हा उपदेश ऐकावयास थोर वाटतो. पण आम्हांस तो पटत नाहीं. ज्याचें कोणावरच प्रेम नाहीं तो तिसऱ्या सेटमध्यें झोंपी जातो. विदर्भांतला शंकरपट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, ज्याची एकाहि जोडीवर भिस्त नाहीं त्याला दोन जोड्या धांवून गेल्या आणि धूळ उडाली एवढेंच दिसतें. आवडीवांचून बारकावा दिसत नाहीं. आपल्या माणसाचा खांदा किंचित् उतरलेला आहे, त्याचें पाऊल अर्ध्या क्षणानें उशिरां पडत आहे, हें प्रेम करणाऱ्यालाच प्रथम कळतें. समदृष्टि हा संताचा गुण असेल. पण सामान्य माणसाच्या ठिकाणीं समदृष्टि म्हणून जें दिसतें तें पुष्कळदां औदासीन्यच असतें.

दुसरा एक पक्ष याच्या उलट आहे. त्याचें म्हणणें असें कीं, दुर्बळाचा कैवार घ्यावा. बलाढ्याविरुद्ध जो उभा राहील त्याचा जयजयकार करावा. ह्या मतांत उदारपणा दिसतो आणि तरुणांस तें सहज पटतें. परंतु थोडें आंत डोकावून पाहिलें तर येथेंहि सर्व शुद्ध नाहीं. १९८९ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियांतील स्पर्धेच्या दुसऱ्या फेरींत आपल्या रमेश कृष्णननें मॅट्स विलँडर ह्यास सरळ तीन सेटमध्यें हरविलें. विलँडर तेव्हां जगांत पहिल्या क्रमांकावर होता आणि त्या स्पर्धेचा आदल्या वर्षाचा विजेताहि होता. ह्या वार्तेनें आपल्या घराघरांतून आनंद झाला. पण तो आनंद दुर्बळाच्या कैवाराचा होता, असें कोणी प्रामाणिकपणें म्हणूं शकेल काय? कृष्णन आपला होता. स्वीडनमध्यें त्या दिवशीं एखाद्या घरांत आमच्यासारखाच कोणी खिन्न होऊन बसला असेल, हें आपल्या मनांतहि आलें नाहीं. शिवाय, कोणीहि दुर्बळ जिंको, अशी ज्यांची सदैव इच्छा असते, त्यांच्या इच्छेंत न्यायबुद्धि किती आणि उंच गेलेला माणूस खालीं आलेला पाहण्याची हौस किती, हें त्यांचें त्यांनींच तपासलेलें बरें. मोठ्याचा पाडाव पाहून सुखावणें हा मत्सरच होय. त्यानें दुर्बळाचा अंगरखा घातला म्हणून तो कांहीं करुणा होत नाहीं.

ममत्वांत आणखीहि एक गोष्ट मिसळलेली असते, आणि ती आम्हांस पुण्यास कळली. ४ फेब्रुवारी २०१७ रोजीं बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत डेव्हिस चषकाच्या सामन्यांत लिअँडर पेस आणि विष्णु वर्धन हे न्यूझीलंडच्या जोडीशीं दुहेरीचा सामना खेळले. गोव्याशीं घराण्याचा संबंध असलेला पेस हा आपणां सर्वांसच घरच्यासारखा. त्या स्पर्धेंत दुहेरीचे ४२ विजय त्याच्या नांवावर होते आणि इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीशीं त्याची बरोबरी झाली होती. आणखी एक विजय मिळाला असता तर जगांत तो एकटा पुढें गेला असता. त्या दिवशीं आर्टेम सिटाक आणि मायकेल व्हीनस ह्या दोघांनीं त्याला हरविलें. आम्हांस जें वाईट वाटलें त्याची आम्हीं मागाहून झडती घेतली. पेसचा विक्रम हुकला ह्याचें दुःख त्यांत होतेंच. पण ‘तो विक्रम झाला तेव्हां तेथें आम्ही होतों’ असें पुढें सांगतां येणार नाहीं, ह्याचेंहि होतें, आणि तें थोडेंथोडकें नव्हतें. तो विक्रम एप्रिल २०१८ मध्यें चीनमधील तिआनजिन येथें, रोहन बोपण्णाच्या साथीनें झाला. विक्रम तोच, माणूस तोच. पण आमचा आनंद अर्ध्यावर आला होता, कारण त्यांत आमचा वांटा नव्हता. आवडत्याच्या विजयांत आपण त्याला कांहीं देत नसतों. त्याच्याकडून कांहीं घेत असतों. म्हणूनच त्याची हार आपणांस आपली वस्तु कोणी हिरावून नेल्यासारखी लागते, आणि हिरावणाऱ्यावर आपला राग होतो.

ज्याच्यावर आमचा राग झाला होता त्याची पुढील कथा सांगितली पाहिजे. आमच्या खेळाडूस हरविल्यानंतर पुढच्याच फेरींत ऑस्ट्रियाच्या युर्गेन मेल्त्सरनें त्याला हरविलें. आम्हीं त्या वेळीं थोडें समाधानहि मानलें असेल. मग त्याचें नांव आम्ही विसरलों. २०२२ च्या जानेवारींत तो खेळांतून निवृत्त झाला. पुढील महिन्यांत, २४ फेब्रुवारी रोजीं, रशियानें युक्रेनवर स्वारी केली. आणि बायको व तीन मुलें परदेशांत सुरक्षित ठेवून हा मनुष्य आपल्या जन्मगांवाच्या, कीव्हच्या, रक्षणासाठीं परत गेला. वर्तमानपत्रांत सैनिकी वेषांतलें त्याचें छायाचित्र पाहिलें तेव्हां तें नांव कोठें ऐकलें आहे हें क्षणभर आम्हांस आठवेना. आणि आठवलें तेव्हां जवाहरनगरची ती पावसाळी रात्र डोळ्यांपुढें उभी राहिली. ज्या वसाहतीचा रोजचा व्यवसाय तोफांची दारू करणें हा, तेथें बसून आम्हीं त्याचा हात लटपटो असें मागितलें होतें. आणि आतां त्याच हातांत बंदूक आली होती. त्याच वर्षीं सप्टेंबरांत फेडररनेंहि लंडन येथें शेवटचा सामना खेळून खेळ सोडला. नादालच्या जोडीनें खेळलेला तो दुहेरीचा सामनाहि तो हरलाच.

एका गोष्टीचा घोटाळा होऊं नये. स्टाखोव्स्की पुढें शूर निघाला, म्हणून त्याला २०१३ सालीं जिंकण्याचा अधिकार होता, असें आमचें म्हणणें नाहीं. तो पुढें सामान्य गृहस्थ म्हणून कोठें तरी दुकान चालवीत बसला असता तरी त्याचा अधिकार तेवढाच होता. कारण त्या रात्रीं तो अधिक चांगला खेळला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आम्ही ज्याला आमच्या नायकाच्या वाटेंतील धोंडा समजत होतों, तो स्वतःच्या कथेंतला नायक होता. त्या कथेंत विंबल्डनची ती संध्याकाळ हा बहुधा सर्वांत उजळ प्रवेश असेल. आणि त्या प्रवेशांत आमचा फेडरर हाच दुय्यम पात्र होता. प्रत्येक पराभव ही दुसऱ्या कोणाच्या तरी घरची दिवाळी असते, हें वाक्य आपण उच्चारतों सहज. पण आपल्या घरांत अंधार असतांना तें मनाला पटवून घेणें कठीण.

येथें वाचक विचारतील कीं, खेळांतल्या ह्या क्षुल्लक दुःखाला एवढें महत्त्व कां द्यावें? प्रश्न रास्त आहे. २४ जानेवारी २०२५ रोजीं जवाहरनगरच्या त्या कारखान्यांत स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले. ज्या घरीं त्या दिवशीं कामावर गेलेला माणूस परत आला नाहीं, त्या घराच्या उंबरठ्यावर उभें राहून, एका सामन्याच्या निकालाला आम्ही दुःख म्हणूं धजणार नाहीं. हार वेगळी आणि हानि वेगळी. हार झालेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभा राहतो. आमचा खेळाडूहि राहिला, आणि २०१७ सालीं तेंच विंबल्डन त्यानें आठव्या वेळीं जिंकलें. परंतु खेळांतलें दुःख लहान आहे हाच त्याचा उपयोग. पहिलवान आखाड्यांत उतरण्यापूर्वीं तालमींत अंग घुसळतो, तेथें तो शेकडों वेळां पडतो आणि त्याचें कांहीं बिघडत नाहीं. तसें हें तालमींतलें दुःख आहे. संसारांत, नोकरींत, भावाभावांच्या वांटणींत, मुलांच्या परीक्षांत, पुढें निवडणुकींत आणि राष्ट्राराष्ट्रांच्या कलहांत, आपल्या माणसासाठीं दुसऱ्याचा अंगठा मागण्याचा मोह पदोपदीं येणार आहे. आपला मुलगा पहिला यावा, ही इच्छा आणि शेजाऱ्याचा मुलगा त्या दिवशीं आजारी पडावा, ही इच्छा, ह्यांत अंतर फार थोडें असतें. आणि तें अंतर ओळखण्याचा सराव निरुपद्रवी जागींच झालेला बरा.

त्या रात्रीनंतर आमचा पक्षपात गेला, असें सांगितलें तर तें खोटें होईल. आवडते खेळाडू बदलले, पण आवडता नाहीं असा सामना आम्हीं क्वचितच पाहिला. एक नेम मात्र आम्हीं केला आहे, आणि तो पुष्कळ वेळां मोडतोहि. आमच्या खेळाडूसमोर जो उभा असेल त्याचें नांव, तो कोठला, किती वर्षें खेळतो आहे, हें सामन्यापूर्वीं समजून घ्यावयाचें. आंकड्याचा राग येतो तितक्या सहज माणसाचा येत नाहीं. आणि त्यानें एखादा सुरेख फटका मारला तर, जीभ जड झाली तरी, ‘वाहवा’ म्हणावयाचें.

मामांचा नातू आतां मोठा झाला आहे. त्या रात्रीं आपण काय विचारलें हें त्याला आठवतहि नाहीं. आम्हीं मात्र त्याचें उत्तर देणें बाकी आहे, असें समजून इतकीं वर्षें तें जवळ बाळगलें. तें उत्तर असें: नाहीं बाळ, तो वाईट नाहीं, आणि त्यानें चुकूं नये. त्यानें आपल्याला येतें तितकें सारें खेळावें, आणि तरीहि आमच्या माणसानें जिंकावें. एवढें मागण्याचा प्रेमाला अधिकार आहे. ह्याहून अधिक मागण्याचा नाहीं.